एक्सच्या जागी दोन

जवळा बाजार गावात बाजाराच्या दिवशी दोनच आवाज चौकापर्यंत पोचायचे. एक भांडीवाल्याचा आणि दुसरा माझा. तो पातेल्यावर उलथनं आपटून गिऱ्हाईक गोळा करायचा, आणि मी कृषी केंद्राच्या माडीवर फळ्यावर डस्टर आपटून बीजगणित शिकवायचो. खाली खताच्या गोण्या, वर भरतीची पोरं. फवारणीच्या औषधांच्या वासानं पहिला अर्धा तास सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. मी सांगायचो, "गणितानं रडू येतंय असं समजू नका. हा खालच्या दुकानाचा प्रसाद आहे."

वर्ग बाजाराच्या दिवशीच ठेवला होता, कारण त्या दिवशी आसपासच्या गावांहून जीपा भरून यायच्या. पोरांना घरातून निघायला निमित्त मिळायचं. परतताना पिशवीत मेथीची जुडी दिसली की कुणी जास्त चौकशी करायचं नाही. मी स्वतः चार भरत्यांत आपटलेला माणूस. इतक्या वेळा नापास झालेल्याला परीक्षेची माहिती पास झालेल्यापेक्षा जास्त असते, हे मी पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून सांगितलं होतं आणि पोरांना ते पटलंही होतं.

माझी पद्धत अशी की बीजगणित न करता बीजगणिताचे गुण घ्यायचे. प्रश्नाखाली चार पर्याय असतात. ही चार स्थळं आहेत, मी म्हणायचो, आणि तुम्ही मुलीचे मामा. दोन स्थळं तर उंबऱ्यातूनच परत पाठवता येतात. मुलाचं वय काढायचंय आणि पर्यायात वजा पाच दिलंय? त्याला चहा न पाजता वाटेला लावा. बाप मुलापेक्षा लहान निघतोय? हात जोडा. मग मी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळून मामा व्हायचो, खुर्चीला स्थळ समजून तिच्याभोवती फिरायचो, नाक मुरडायचो. पोरं हसून लोळायची.

उरलेल्या स्थळांना बाजाराची रीत लावायची. बापाचं वय मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट होणार, तर मुलाचं आजचं वय किती? पर्याय सहा, आठ, दहा, बारा. समीकरण मांडत बसू नका. मधला भाव बोला. आठ धरा. बाप चोवीस. दहा वर्षांनी अठरा आणि चौतीस. अठराची दुप्पट छत्तीस, म्हणजे चौतीस कमी पडले. मग वर चढा. दहा धरा. वीस आणि चाळीस. सौदा पटला! वांग्याचा भाव करणाऱ्या कुठल्याही बाईला हे येतं, तुम्हाला काहून येऊ नये?

आणि शेवटचं हत्यार म्हणजे दोन. पर्यायातच एक्स असला, म्हणजे अमुक पदावली कशाबरोबर आहे असं विचारलं, तर एक्सच्या जागी दोन घालायचा. वरच्या पदावलीची किंमत काढायची, पर्यायांची काढायची, जुळेल त्याचा गोल काळा करायचा आणि पुढं पळायचं. मी दोन बोटं वर करून ओरडायचो, "एक्सच्या जागी?" आणि चाळीस गळे एकदम ओरडायचे, "दोन!" माडीची फळकुटं हलायची. खालून दुकानदार विचारायचा, "सर, वर लग्न लागलं का?"

खरं सांगतो, त्या आरोळीची मला चटक लागली होती. गावच्या गॅदरिंगमध्येसुद्धा मला इतकी टाळी कधी मिळाली नव्हती.

या वर्गात एक दिवस माझा गुरू येऊन बसला.

गुरू म्हणजे माझ्याच वयाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वसमतला आम्ही एका वसतिगृहात, एका खोलीत होतो. तो औंढ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. घरची बोली वेगळी, त्यामुळे मराठी तो जपून, मोजून बोलायचा. गणित मात्र त्याला कुठल्याच बोलीत अडायचं नाही. मला दहावीचं बीजगणित त्यानं शिकवलं. गावात हळदी शिजायला लागल्या की सगळीकडे तो दमट वास भरून राहायचा, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात पाठकोऱ्या कागदांवर समीकरणं सोडवत बसायचो. उत्तर आलं की मी ताट उचलून जेवायला पळायचो. तो सदऱ्याचं टोक धरायचा.

"पडताळा लिही."

"अरे, उत्तर बराबर आलंय ना!"

"आलंय, ते तू म्हनून राहिला. गणिताला विचार की."

मग मी उत्तर परत समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात हे लिहून दाखवायचो. तोवर वरण तळाला गेलेलं असायचं. मला दहावीला बीजगणितात जे गुण पडले ते सगळे त्या पातळ वरणाचे.

पुढे तो शेतीत राहिला. कोरडवाहू रान, थोडी जनावरं, म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी. मधून मधून तो तलाठ्याच्या भरतीची परीक्षा द्यायचा. जिल्हा नवा झालेला, प्रत्येक भरतीला पोरं जत्रेसारखी उसळायची. त्याच्या दोन परीक्षा वाया गेल्या होत्या, आणि कारण दोन्ही वेळेस तेच. शंभरपैकी साठ प्रश्न तो सोडवायचा, साठच्या साठ बरोबर. चाळीस कोरे.

माडीचा जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल होती. मी उडी मारून मिठी मारली.

"तू काहून आलास लेका? तुला मी काय शिकवणार?"

"पळायला शिकव," तो म्हणाला. "सोडवता येतंय. पळता येत न्हाई. आन यंदा शेवटची हाये. पुढच्या भरतीला वय बसत न्हाई माझं."

आणि मग जरा थांबून, नजर खाली घालून बोलला, "आमच्या तांड्यावरून सातबारा काढायला सगळेच जाऊन आलेत. सातबारा द्यायच्या खुर्चीत अजून कुनी बसलं न्हाई."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी थट्टेनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बसवतो तुला! पण वर्गात मला सर म्हणावं लागेल."

"म्हनतो ना. तुला आवडत असंल तर म्हनतो."

तो मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसायचा. मी मामा झालो, खुर्चीभोवती फिरलो, की तोही हसायचा, पण पोरांचं हसू संपल्यावर. आधी वहीत गणित पुरं करायचा. पोरं पाच प्रश्न उडवायची तेव्हा याचं 'समजा मुलाचे आजचे वय एक्स वर्षे' इथवर आलेलं असायचं. त्याच्या वहीवर मी एक अख्खं प्रहसन रचलं होतं. "हे बघा, आमचे पाहुणे अजून 'समजा'पाशी उभे आहेत! पेपर संपला, घंटा झाली, सुपरवायझर घरी जाऊन जेवला, आणि हे अजून समजून राहिलेत!" पोरं हसायची. तोही. वय सगळ्यात जास्त त्याचं, आणि समोर सर म्हणून नाचणारा त्याच्याच जिवावर पास झालेला. हे पोरांना माहीत नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दिवाळीनंतरच्या एका बाजारच्या दिवशी, भर आरोळीच्या नंतर, त्यानं हात वर केला.

"सर, एक शंका."

"विचारा पाहुणे."

"दोनात दोन मिळवले तर चार येतात. दोनला दोननं गुणलं तरी चार. दोनचा वर्ग केला तरी चारच. एक्स अधिक दोन, दोन एक्स, एक्सचा वर्ग, ही तिन्ही येगळी असून सारखीच दिसून राहिलेत. हा आकडा सगळ्यांनाच हो म्हनतो, सर."

शंका शंभर टक्के खरी होती. मला ती त्याच क्षणी कळली, जसं पायाखालची फळी हलल्याचं कळतं तसं. पण चाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या जिभेवर वाक्य आधीच येऊन बसलं होतं.

"सगळ्यांना हो म्हणतो? मग त्याला सरपंच करा!"

माडी कोसळायची बाकी राहिली. खालून दुकानदारानं विचारलं, "आता बारसं का?" पोरांना पुन्हा जोर चढला. मी दोन बोटं वर केली आणि त्या दिवशीची आरोळी सगळ्यात मोठी झाली. मागच्या भिंतीपाशी तो हात खाली घेऊन वहीत काहीतरी लिहीत होता.

वर्ग सुटल्यावर जिन्यावर त्यानं मला गाठलं. तिथं तो सर म्हणाला नाही.

"गड्या, तीन घेत जा ना. तीनात दोन मिळव, पाच. दोननं गुण, सहा. वर्ग कर, नऊ. येगळं ते येगळं दिसतं."

"तीनला टाळी बसत नाही रे."

"टाळीचं काय करायचंय?"

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

घरी जाऊन मी सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. दोन घालून पाहिला, तीन घालून पाहिला. दोन जिथं फसत होता तिथं तीन बहुतेक ठिकाणी निभावून नेत होता. माझ्या वहीच्या समासात मी लिहून ठेवलं, 'तीन बरा.' ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढच्या बाजारला मी माडीवर गेलो, डस्टर आपटलं आणि विचारलं, "एक्सच्या जागी?" आणि पोरांनी जे सवयीचं होतं तेच उत्तर दिलं. मी त्यांना थांबवलं नाही.

त्याला पळवण्यासाठी मी मेहनत घेतली, हे मात्र खोटं नाही. वर्गानंतर खताच्या गोणीवर बसवून, घड्याळ हातात धरून मी त्याच्याकडून प्रश्न सोडवून घ्यायचो. तो समीकरण मांडायला लागला की पेन्सिल काढून घ्यायचो. हळूहळू तो साठवरून सत्तरवर आला, मग पंच्याऐंशीवर. पण कुठंतरी एखाद्या प्रश्नाला त्याचा हात अडायचाच. चूक दिसली की त्याला पुढं जाता येत नव्हतं. शिंकेसारखं होतं ते, आवरायचंच नाही.

म्हणून परीक्षेच्या दिवशी हिंगोलीच्या बसस्टँडवर, उभ्या उभ्या चहा घेताना, मी त्याच्याकडून वचन घेतलं. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. खास माणूस होता, आणि थोडं माझं मिरवायचंही होतं.

"हातावर हात दे. दोन घालायचा. जुळला की गोल काळा. मागं बघायचं नाही, थांबायचं नाही."

"आन शंका आली तर?"

"शंका घरी आल्यावर. वचन दे."

त्यानं कप खाली ठेवला, पँटला हात पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वसतिगृहात एकदा त्यानं मला कबूल केलं होतं की माझं गणित सुटेपर्यंत तोही जेवणार नाही, आणि दोघंही उपाशी झोपलो होतो. या माणसाकडून वचन घेताना जपून घ्यायला पाहिजे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी तो बाहेर आला तो जवळजवळ नाचतच. त्याला असा मी कधी पाहिला नव्हता. "शंभर! शंभरच्या शंभर भरले गड्या! एक गोल कोरा न्हाई!" त्यानं मला गाड्यावरचे भजे खाऊ घातले, स्वतः दोनदा मिरची मागून घेतली. एसटीत खिडकीपाशी बसून त्यानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आठवतील ते प्रश्न लिहायला घेतले. मी पुढच्या सीटवरच्या एका काकांना माझ्या वर्गाची माहिती देत होतो. औंढा मागं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेन्सिलीचा आवाज थांबलाय.

"काय झालं?"

"एक चुकलं."

त्यानं कागद पुढं केला. एक्सचा घन वजा एक्स, भागिले एक्स वजा एक. याचं सोपं रूप कोणतं? पहिला पर्याय, एक्सचा वर्ग अधिक दोन. दुसरा, एक्सचा वर्ग अधिक एक्स. बाकीचे दोन कुठंच बसत नव्हते. एक्सच्या जागी दोन घातला की वरची किंमत सहा. पहिल्या पर्यायाची सहा. दुसऱ्याचीही सहा.

"पहिला जुळला, काळा केला, पुढं गेलो," तो म्हणाला. "उत्तर दुसरं हाये."

"तुला तेव्हा दिसलं नाही?"

"दिसलं ना. दुसरा बी जुळून राहिला होता. हात थांबला होता माझा. पन तुला वचन देलं होतं."

मी कागदाकडे बघत राहिलो. एक्स सामाईक काढायचा, कंसातल्या वर्गाचे दोन तुकडे करायचे, वरचा आणि खालचा कंस कापायचा. त्याच्या 'समजा'वाल्या हाताला हे तीन ओळींचं काम होतं. माझ्या दोनपेक्षा लवकर झालं असतं. पण मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "एकच ना? शंभरातला एक म्हणजे लग्नात रुसलेला एक पाहुणा. लग्न काही थांबत नाही!" पुढच्या सीटवरचे काका खो खो हसले. तोही हसला, नेहमीसारखा, मागाहून.

यादी लागली तेव्हा आम्ही दोघं पुन्हा हिंगोलीला गेलो. निवडलेल्यांत त्याचं नाव नव्हतं. त्याच्या प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीत तो पहिला होता, शेवटच्या निवडलेल्याहून एका गुणानं खाली. बरोबरी झाली असती तर वयानं मोठा म्हणून तोच आत गेला असता. महिनाभर त्यानं आशा धरली. कुणी एक जण रुजू झाला नसता तरी चाललं असतं. सगळे रुजू झाले. भरतीसाठीचं त्याचं वय त्या सालाबरोबर संपलं.

माडीवर तो पुन्हा आला नाही. त्याच्या जागी भिंतीला टेकून दुसरं कुणीतरी बसायला लागलं. आणि मी पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगितलं, "एक्सच्या जागी तीन." तीन बोटं वर केली आणि मनातून घाबरत विचारलं, "एक्सच्या जागी?"

"तीन!" पोरं ओरडली. तितक्याच जोरात. फळकुटं तितकीच हलली, खालून दुकानदारानं तितक्याच हौसेनं लग्नाची चौकशी केली. रतीभर फरक पडला नाही. त्या दिवशी मला उरलेला वर्ग घेता आला नाही, डोळ्यांत औषध गेलं म्हणून सांगितलं आणि लवकर सोडून दिला.

तांड्यावर जायला मला दोन वर्षं लागली. तासाभराची वाट आहे.

पेरणी तोंडावर आली होती. तो घरासमोरच्या सावलीत सूप मांडीवर घेऊन सोयाबीनचं बियाणं निवडत बसला होता. मला बघून उठला, बाज टाकली, आतून पाणी मागवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी दोन विनोद केले, दोन्ही पडले. मग मी एकदाचं बोलून टाकलं.

"मला माहीत होतं. तू शंका काढलीस तेव्हाच. घरी जाऊन तपासूनही पाहिलं होतं मी. तीनच बरा होता. तरी दोन सोडला नाही."

तो दाणे निवडत राहिला. फुटका दाणा बाजूला, चांगला पुढं.

"जिन्यावर तुझ्या तोंडावरच दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग दोन घातलास काहून?"

त्यानं सूप खाली ठेवलं, आत गेला आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशवीचा फाडलेला कागद आणि पेन्सिल घेऊन आला. दोन्हीकडून टोक केलेली.

"ते गणित सरळ येतं का रे तुला?"

"म्हणजे काय! मी सर आहे."

"सोडव."

मी लिहायला घेतलं. एक्स सामाईक काढला. कंसात एक्सचा वर्ग वजा एक उरला. आणि तिथं मी अडलो. इतकी वर्षं लोकांना बीजगणित चुकवायला शिकवत होतो, त्याचा परिणाम. त्यानं बोट कागदावर ठेवलं, वसतिगृहात ठेवायचा तसंच.

"दोन वर्गांतली वजाबाकी हाये ती. तुकडे कर."

तुकडे केले. खालचा कंस वरच्या कंसाशी कापला. तीन ओळी झाल्या. एक्सचा वर्ग अधिक एक्स. मी पेन्सिल खाली ठेवली आणि बाजेवरून उठायला लागलो. त्यानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"पडताळा."

मी पुन्हा बसलो. "कोणता आकडा घालू?"

"कोनता बी घाल," तो म्हणाला. "दोन सोडून."

तो हसला नाही. मलाही हसायचं सुचलं नाही. मी तीन घातला. डावीकडे बारा आले, उजवीकडे बारा आले. त्यानं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, "बराबर," म्हणाला, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.